खिडकी नवी, ओल जुनी

मंडईचे दिवस सरले, धान घरात आलं, हातात चार पैसे खेळू लागले, की भंडारा जिल्ह्यातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो, खिडक्या बदलायचा. जुन्या लाकडी चौकटींचे खालचे कोपरे कुजलेले असतात. झडपा लागत नाहीत, आणि पावसाळ्यात फुगून एकदा लागल्या की उघडत नाहीत. मग अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात, कुणी हौसेनं युपीव्हीसीच्या पांढऱ्याशुभ्र आणतं. खोलीत उजेड येतो, डासजाळी बसते, शेजारणी कौतुक करून जातात. पुढे मृग सरतो, आर्द्रा लागतात, दोन दिवस झड धरते आणि त्या नव्याकोऱ्या खिडकीखाली भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो. अगदी जुन्याच जागी!

अशा वेळी घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘खिडकीच भिकार निघाली.’ मैत्रिणींनो, बहुतेक वेळा खिडकी बिचारी चांगली असते. पाणी येतं ते खिडकी आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीतून. खिडकी कोणती घ्यावी हे सांगायला दुकानदार असतो, भावोजी असतात, मोबाईलमधले व्हिडिओ असतात. त्या फटीविषयी मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून आज तिच्याविषयीच बोलू.

सांध्याला वाली कोण?

खिडकी बदलताना घरी तीन जण येऊन जातात. गवंडी जुनी चौकट काढतो, भगदाड बुजवतो. खिडकीवाला माप घेतो, चार स्क्रूंनी नवी चौकट बसवतो. शेवटी रंगारी येतो. गवंड्याचं काम भिंतीपर्यंत, खिडकीवाल्याचं चौकटीपर्यंत, आणि रंगाऱ्याला दोघांनी केलेलं झाकायचं असतं. भिंत आणि चौकट जिथे भेटतात तो सांधा कुणाच्याच कामात धरलेला नसतो. पहिल्या पावसानंतर तिघांना फोन करा, तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतील. त्यांचं खोटं असतं असंही नाही. सांधा ठरलाच नव्हता ना कुणाचा!

हे तिघंही येतात त्या वेळी घरात हजर असणारी बहुधा एकच व्यक्ती असते, ती म्हणजे आपण. घरधनी कामावर, नाहीतर शेतावर. चहा आपण करतो, ‘वहिनी, जरा पाणी द्या’ला पाणी आपण देतो. मग चार गोष्टी बघायच्याही आपणच.

आणि ओल म्हणजे नुसते पोपडे नव्हेत, बरं का. खिडकीखालच्या भिंतीला लागून आपल्याकडे काय काय असतं? बाळाची खाट असते. अभ्यासाचं टेबल असतं. खेड्याकडच्या घरी धानाची पोती रचलेली असतात. धान साठवताना त्यात १४ टक्क्यांहून जास्त ओलावा नको. ओल्या भिंतीला टेकलेलं पोतं तो ओलावा गपगुमान पीत बसतं आणि श्रावणात तोंड सोडलं की कुबट वास येतो. दम्याच्या माणसाला बुरशीचा काय त्रास होतो ते ज्या घरी दम्याचं माणूस आहे तिथल्या बाईला सांगायला नको. सगळ्यांत वाईट म्हणजे स्विचबोर्ड. सोय म्हणून तो पुष्कळदा खिडकीच्या शेजारीच बसवलेला असतो.

बपेऱ्याचं घर डोळ्यांसमोर आणा

तुमसरहून बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मध्य प्रदेशच्या अगदी सीमेवर बपेरा हे गाव आहे. बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो. बपेऱ्याचंच नाव घेतलं, कारण खिडकीची जी काही परीक्षा व्हायची ती या पट्ट्यात पुरती होते. पाऊस वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो छत्तीसगड ओलांडून पूर्व विदर्भावर येतो, आणि तो सरकेल तसा वारा दिशा बदलतो. सकाळी पुढच्या खिडकीवर आपटणारा पाऊस संध्याकाळी मागच्या खिडकीवर आपटतो. ‘आमची खिडकी पावसाच्या बाजूला नाही’ असं आपल्याकडे खात्रीनं म्हणता येत नाही. आणि हीच भिंत मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात भाजून निघालेली असते.

पूर्वीच्या घरांना हा त्रास का नव्हता? मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, आणि कवेलूंची वळचण भिंतीपासून चांगली दोन-अडीच फूट पुढे आलेली. समोर छपरी. खिडक्या लहान, त्याही भिंतीच्या आतल्या अंगाला बसवलेल्या. पावसाचं पाणी खिडकीपर्यंत पोचायचंच नाही, पागोळ्या अंगणात पडायच्या. सासूबाईंच्या पिढीला खिडकीच्या सांध्याची काळजी नव्हती, कारण छपरानं ती अंगावर घेतलेली होती.

मग विटांची घरं आली, वर सपाट स्लॅब आला. वळचण गेली. तिच्या जागी खिडकीवर दीड फुटाचा छज्जा आला, आणि तोही कधी कधी पैसे वाचवायला गाळला जातो. साधा हिशेब करून बघा. वाऱ्यानं पाऊस अर्धा तिरपा झाला, तर दीड फुटाचा छज्जा खिडकीचा वरचा दीड फूटच झाकतो. चार फुटी खिडकीचे खालचे अडीच फूट उघड्यावर भिजतात. आपण खिडक्या मोठ्या केल्या आणि छत्री लहान केली!

बरं, वीट म्हणजे काही दगड नाही. भाजलेली लाल वीट चोवीस तास पाण्यात ठेवली तर नेहमीच्या दर्जाच्या विटेनं वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानकच सांगतं. म्हणजे तीन किलोची वीट अर्धा लिटरहून जास्त पाणी पिऊनही पास! कच्ची भाजलेली त्याहून जास्त पिते. झडीत भिजलेली भिंत हा पाण्यानं भरलेला स्पंज असतो, आणि त्या स्पंजात आपण एक भोक पाडून खिडकी बसवलेली असते.

त्यात ऊन आणि थंडीची आणखी एक खोडी आहे. तापलं की सगळं फुगतं, पण सारखं फुगत नाही. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर चार फूट लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एक मिलिमीटरभर लांबते किंवा आखडते, युपीव्हीसीची तीनेक मिलिमीटर, आणि विटांची भिंत जेमतेम पाव मिलिमीटर. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत उन्हातल्या चौकटीला यापेक्षा जास्तच फरक सोसावा लागतो. मग चौकटीच्या कडेला सिमेंट कितीही घट्ट दाबून भरलं तरी वर्षाच्या आत तिथे केसासारखी बारीक चीर पडणारच. केसासारखी म्हणून तिला हसू नका. रुंद फटीतून पाणी ओघळून जातं, पण बारीक चीर दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढून घेते, आणि मागून वारा तिला आणखी ढकलत असतो.

पाणी शिरतं कुठून, ते आधी शोधा

मिस्त्रीला बोलावण्याआधी एक दुपार यासाठी काढा. कोरड्या दिवसात, भिंत चांगली वाळलेली असताना. एक जण बाहेर पाण्याची नळी किंवा बादली-मग घेऊन, एक जण आत बॅटरी घेऊन. जवळ स्विचबोर्ड असेल तर आधी मेन बंद करा.

युक्ती एवढीच की सुरुवात खालून करायची. आधी फक्त खिडकीच्या खालच्या कट्ट्यावर, म्हणजे सिलवर, दहा मिनिटं पाणी सोडा. आत काही दिसलं नाही तर मग एका बाजूचा सांधा, मग दुसऱ्या बाजूचा, मग सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक, आणि सगळ्यांत शेवटी छज्जा. प्रत्येक वेळी थोडं थांबा, कारण नऊ इंची भिंतीतून पाणी आत यायला वेळ लागतो. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. पुष्कळ मिस्त्री वरूनच बादली ओततात, म्हणून मुद्दाम सांगते.

ओलीचा आकारही बोलका असतो. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशांसारखे ओघळ आले असतील तर दोष सिलचा किंवा चौकटीच्या कोपऱ्यांचा. बाजूला उभा पट्टा असेल तर बाजूचा सांधा. खिडकीच्या वर डाग असेल तर छज्जा आणि भिंत मिळतात तिथे चीर असते. पण ओल जमिनीकडून वर चढत आली असेल आणि पांढरा लोणा फुटत असेल, तर ती खिडकीची नव्हे, पायाची. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला तेव्हा ज्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या भिंतींची ओल अशीच खालून वर चढणारी. तिच्यावर खिडकीचा उपाय करून पैसे घालवू नका.

सिल: अर्ध्या इंचाची गोष्ट

माझं मत विचाराल तर दहापैकी सहा-सात घरांत दोषी सिलच निघेल. आजकाल तिथे ग्रॅनाईट किंवा कडप्पा बसवतात. दिसतो छान, पण तो पाटासारखा सपाट बसवलेला असतो, क्वचित आतल्या बाजूला कललेलाही असतो. पाण्याला वाट दिली नाही तर ते आपली वाट शोधतं.

सिलला बाहेरच्या बाजूला उतार हवा, फुटाला अर्धा इंच तरी. त्याची बाहेरची कड भिंतीच्या पुढे दीड-दोन इंच आलेली हवी. आणि ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ती तिसरी गोष्ट, त्या पुढे आलेल्या कडेच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, एक सरळ खाच. पाणी मोठं लबाड असतं हो! ते कडेवरून खाली पडत नाही, दगडाच्या पोटाला चिकटून उलटं भिंतीकडे सरकतं. वाटीतून दूध ओतताना ते वाटीच्या बाहेरून हातावर येतं ना, तसंच. खाच आली की त्याला ती ओलांडता येत नाही, आणि थेंब तिथेच सुटून खाली पडतो. ग्रॅनाईटवाल्याकडे कटर असतोच. दगड बसवण्यापूर्वी सांगितलं तर खाच पाडायला त्याला पाच मिनिटं लागतात. बसवल्यावर सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहतो. छज्ज्याच्या पोटालाही अशीच खाच हवी.

सिलची दोन टोकं बाजूच्या भिंतीत दोन-तीन इंच घुसलेली असावीत. दगड खिडकीच्या मापाला नेमका कापला की दोन्ही कोपऱ्यांत उभी फट राहते, आणि मघाचे मिशांचे ओघळ येतात ते तिथूनच. दोन तुकडे जोडून सिल करू देऊ नका. जोड अगदी मधोमध येतो आणि तिथूनच पाझरतो.

जुनी चौकट काढताना

लाकडी चौकट भिंतीत लोखंडी होल्डफास्टनं धरलेली असते. घण घालून ती उपटली की आजूबाजूच्या विटा हलतात, कोपरे ढासळतात. मग घाईघाईत काय होतं? विटांचे तुकडे, जुन्या गिलाव्याचा चुरा, पडलेलं सगळं त्या भगदाडात कोंबून वरून छपाईचा हात मारला जातो. वरून गुळगुळीत, आत पोकळ. अशा पोकळीवर जगातली कुठलीही खिडकी बसवा, ती गळणारच.

हललेली वीट काढून नवी लावून घ्यावी. धूळ ब्रशनं झाडावी, विटांवर पाणी मारावं, मग एकास चार सिमेंट-रेतीचा माल थराथरानं भरावा आणि सात दिवस पाणी घालावं. नव्या खिडकीचं माप यानंतरच द्यायचं, जुन्या चौकटीवरून नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सगळ्यांत कमी येईल ती धरायची, आणि दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर मोकळे सोडायचे. खिडकीवाला म्हणेल, ‘इतकी ढिली कशाला, ठोकून घट्ट बसवतो.’ नको म्हणा. ती मोकळी जागा चौकटीला फुगायला लागते, आणि पुढे जो मसाला भरायचा तो राहायलाही.

अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ओल्या सिमेंटला थेट लागू देऊ नये. सिमेंटच्या खारानं तिला पांढरे चट्टे पडतात आणि ती खाल्ली जाते. कारखान्यातून येते ती प्लास्टिकची चिकटपट्टी काम संपेपर्यंत राहू द्यावी.

काही घरांत जुनी सागवानी चौकट शाबूत असते. ती ठेवून आत नवी खिडकी बसवली तर खर्च निम्म्यावर येतो, आणि भिंतीलाही धक्का लागत नाही. मला तर हा मार्ग आवडतो. पण आधी चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पेचकस टोचून बघा. टोक लोण्यासारखं आत गेलं तर त्या चौकटीची माया सोडा.

सिलिकॉनची नळी

‘काही होत नाही वहिनी, आतून सिलिकॉन मारून देतो.’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आतून मारलेलं सिलिकॉन पाणी थांबवत नाही, ते फक्त दिसू देत नाही. पाणी भिंतीत शिरलेलं असतंच. समोरचा दरवाजा बंद दिसला की ते खाली उतरतं आणि फूटभर खाली गिलावा फोडून बाहेर येतं. बंदोबस्त बाहेरून हवा. आतून काय ते नंतर, शोभेला.

दुकानात नळी घेताना वास आठवा. जे सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते काचेला ठीक, सिमेंट-विटेला नाही. सिमेंटवर ते धरत नाही, वर्षभरात रबराच्या पट्टीसारखं निघून येतं. भिंतीच्या सांध्याला ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागायचं. आणि साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, हेही लक्षात असू द्या. भिंतीच्या रंगात मिसळायला हवं असेल तर रंग चढेल असं सीलंट वेगळं मिळतं.

फटीत नळी खुपसून भसाभसा भरायचं नाही. आधी फट कोरडी आणि धूळमुक्त हवी. मग तिच्यात फोमची गोल दोरी दाबून बसवायची, आणि तिच्यावर सीलंटचा थर, रुंदीच्या साधारण निम्म्या जाडीचा. दोरीमुळे मसाला कमी लागतो हा एक फायदा. खरा फायदा असा की सीलंट फक्त दोन बाजूंना, भिंतीला आणि चौकटीला, चिकटतं, आणि चौकट हलली की रबरासारखं ताणलं जातं. मागेही चिकटलं तर ताणता येत नाही, फाटतं. हिशेबाला म्हणून सांगते, सहा मिलिमीटर रुंद आणि तेवढाच खोल थर धरला तर एक नेहमीची नळी आठेक मीटर पुरते. चार बाय चारच्या खिडकीचा घेर पाच मीटर. म्हणजे एका नळीत दीड खिडकी. चार खिडक्यांना एकच नळी आणणारा मिस्त्री काय करून जाणार, ते तुम्हीच ओळखा.

पिवळा फुगणारा फोम हल्ली सगळीकडे मारतात. पोकळी भरायला तो ठीक आहे. पण उघड्यावर ठेवला तर उन्हानं त्याची भुकटी होते, आणि भिजला की तो पाणी धरून ठेवतो. कापून सपाट करून वर सीलंट किंवा छपाई आलीच पाहिजे.

आता एक गोष्ट जी बंद करायची नसते. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला दोन-तीन बारीक भोकं असतात. ट्रॅकमध्ये पडलेलं पाणी त्यांतून बाहेर जातं. हौशी पोरगा सिलिकॉन मारताना ‘इथूनच गळत असेल’ म्हणून नेमकी तीच बुजवतो, मग ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूनं सांडतं. ट्रॅक आणि उभी पट्टी जुळतात ते खालचे दोन कोपरे मात्र बसवण्याआधी आतून सीलंटनं बंद करून घ्या. ते नुसते स्क्रूवर असतात आणि गुपचूप गळतात.

परदेशी व्हिडिओंचा मोह

मोबाईलवर दिसतं, की साहेब मंडळी खिडकीभोवती कसल्याशा काळ्या पट्ट्या चिकटवतात, भिंतीत पत्रा सरकवतात. छान दिसतं. पण इंग्लंडमध्ये विटांची भिंत बहुधा दुहेरी असते, मध्ये दोन-चार बोटांची पोकळी ठेवलेली. बाहेरची भिंत भिजली तरी पाणी पोकळीतून खाली उतरतं, आतल्या भिंतीला लागत नाही. त्या पट्ट्या आणि पत्रे खिडकीपाशी पोकळी बंद होते तिथे पाणी अडवायला असतात. अमेरिकेत तर कितीतरी घरांचा सांगाडाच लाकडी. आपली नऊ इंची भिंत भरीव आहे, तिला पोकळी नाही. म्हणून आपला सगळा भरवसा बाहेरच्या अंगावर: छज्जा, छपाई, उतार, सांधा.

मागची भिंत

आणि बाहेरचं अंग म्हटलं की घराची मागची बाजू आठवते. बपेऱ्यात काय, तुमसरात काय, घराचा चेहरा गिलावा-रंग लावून सजलेला असतो आणि मागची भिंत विटा उघड्या ठेवून तशीच. पैसे संपलेले असतात. २०१६ पासूनच्या घरकुल योजनेतल्या घरांतही हेच बघायला मिळतं. दोष कुणाला द्यायचा? पण नवी खिडकी त्या उघड्या विटांत बसली, तर चौकटीच्या कडेला सीलंट लावून पुरत नाही. विटांमधल्या झिजलेल्या दर्जांतून पाणी सीलंटला वळसा घालून आत येतं.

सगळी भिंत छापायला जमत नसेल तर निदान एवढं करा. खिडकीच्या चारी बाजूंना सहा-आठ इंच रुंदीची छपाईची पट्टी मारून घ्या. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना अशी उठावाची पट्टी दिसते. ती नुसती शोभेची नसते. पट्टी मारण्याआधी दर्जा अर्धा इंच खोल कोरून, पाणी मारून माल भरायचा. वरच्या पट्टीची कड तिरकी उतरती करायची, नाहीतर तिच्यावरच पाणी थांबेल. उरलेल्या भिंतीच्या दर्जा पुढच्या वर्षी भरल्या तरी चालतील. छज्जा नसेल तर पत्र्याचा किंवा सिमेंटच्या पत्र्याचा बसवता येतो. तो भिंतीला टेकतो तिथे मालाचा गोला करून घ्यायला विसरू नये.

मिस्त्रींशी बोलताना

काम ठरवतानाच, चहा देता देता, विचारून ठेवा, ‘भाऊ, चौकट आणि भिंतीमधला सांधा कोण भरणार? तुम्ही की खिडकीवाले?’ उत्तर येईपर्यंत दुसरा विषय काढू नका. ज्यानं हो म्हटलं त्याच्या हिशेबात तो लिहून घ्या, सीलंटच्या नळ्यांच्या संख्येसकट. यजमान त्या वेळी घरी असले तर त्यांच्यासमोर विचारा, म्हणजे नंतर ‘बाईंचा गैरसमज झाला’ असं ऐकावं लागत नाही.

शेवटचे पैसे देण्याआधी सिलवर तांब्याभर पाणी ओता. मिस्त्री समोर उभे असताना. पाणी बाहेर पळालं तर ठीक. थांबलं किंवा आत वळलं तर वाद घालायची गरजच नाही, तेही बघतच असतात. माल ओला असतो तोवर उतार दुरुस्त करणं अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणून हीच परीक्षा सिल बसवल्या दिवशी केलेली उत्तम.

वेळ निवडायची तर फेब्रुवारी-मार्च. भिंत वाळलेली असते, विटा-रेती मिळते, ऊन अजून तापलेलं नसतं. मेमध्येच करायचं झालं तर सीलंट सकाळी लवकर मारून घ्या. दुपारी चौकट फुगलेली असते आणि सांधा आवळलेला.

भर पावसात काय करावं?

हे सगळं वाचताय आणि बाहेर झड लागलीय, खिडकी गळतेय, असं असेल तर ओल्या भिंतीवर सिलिकॉन मारण्यात पैसे घालवू नका, ते धरणारच नाही. छज्ज्याच्या कडेपासून ताडपत्रीचा किंवा जाड प्लास्टिकचा पडदा बाहेरून सोडा, खालची कड विटेनं ताणून ठेवा. आत पाणी टपकत असेल तिथे सुती दोरीचं एक टोक चिकटवून दुसरं बादलीत सोडा. थेंब दोरीवरून उतरतात, रात्रभर टपटप ऐकावी लागत नाही. खाट आणि पोती भिंतीपासून वीतभर ओढा, पोत्यांखाली फळ्या घाला. स्विचबोर्डाच्या भिंतीला ओल दिसली तर त्या खोलीची वीज बंदच ठेवा आणि वायरमनला दाखवल्याशिवाय सुरू करू नका. बटण दाबताना हाताला मुंग्या आल्या तर दुसऱ्यांदा दाबून बघायचं नाही.

पाऊस गेल्यावर आतल्या भिंतीला लगेच ‘वॉटरप्रूफ’ रंग फासायची घाई होते, कारण दिवाळी तोंडावर असते. थांबा. आत अडकलेलं पाणी रंगाला फुगे आणून बाहेर पडेल. बाहेरचा सांधा आधी नीट करून घ्या, पोपडे खरवडून काढा, लोण्याची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडा. ती धुवायची नाही, धुतली तर खार पुन्हा विटेत जातो. मग प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं डकवून दोन दिवस ठेवा. काढताना मागे दंव दिसलं तर भिंत अजून ओली आहे; या दिवाळीला तेवढ्या भिंतीवर पडदा सोडा, आणि रंग मार्चमध्ये द्या.